वस्तुसंग्रहालयात कॉफीचं दुकान : हो म्हणण्याआधी काय बघायचं?

आज वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण बोलता बोलता थोडा हिशेब येणार आहे. हात पिठात असतील तर नुसतं ऐका, आकडे आम्ही सावकाश सांगू.

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रभागसंघाकडे एक पत्र आलं. तालुक्याच्या गावी एक जुनं वस्तुसंग्रहालय आहे. तिथे जुनी नाणी आहेत, हत्यारं आहेत, लुगडी आहेत, पोथ्या आहेत आणि एक अख्खी खोली भरून स्वयंपाकाची भांडी आहेत. पत्रात विचारलं होतं, "संग्रहालयात कॉफीचं दुकान सुरू करायचं आहे. महिला बचत गट चालवेल का?" उत्तराला पंधरा दिवस दिले होते.

पत्र वाचून झाल्यावर अर्ध्या बायका खूश झाल्या आणि अर्ध्या गप्प बसल्या. गप्प बसणाऱ्यांचं कारण आम्हाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही एका कार्यालयात उपाहारगृह चालवायला घेतलं होतं. चव चांगली होती, गर्दी होती, तरी दहा महिन्यांत बंद करावं लागलं. उधारीची वही भरली होती आणि गल्ला रिकामा होता. साहेब लोकांच्या चहाचे पैसे मागायला आमच्या बायकांची जीभ रेटली नाही. गटाचं कर्ज मात्र फेडावंच लागलं. त्यातल्या तिघींनी खुरपणीच्या मजुरीतून सव्वा वर्ष हप्ते भरले. म्हणून या वेळी ठरवलं, आधी समजून घ्यायचं आणि मग सही करायची. त्या पंधरा दिवसांत जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

संग्रहालयाला कॉफीची गरज काय?

पहिला प्रश्न आमच्या शेवंताकाकूंनी विचारला. "भांडी बघायला जायचं तर भांडी बघावी. तिथे कॉफी कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. पण आपण यात्रेला जातो तेव्हाचं आठवा. दर्शनाच्या रांगेत दोन तास उभं राहिलं की पाय भरून येतात, पोर रडायला लागतं, म्हातारं माणूस ओटा शोधतं. संग्रहालयातही तसंच होतं. माणूस उभ्यानं बघतो, वाकून वाचतो, मान वर करतो. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी याचा अभ्यास केला होता. मांडणी अवघड असली की बघणाऱ्याला किती वाकावं लागतं आणि तो किती थकतो, हे त्यांनी फोटो काढून दाखवलं. 1916 साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि या थकव्याला नावही दिलं. तेव्हापासून जगभरचे संग्रहालयवाले 'संग्रहालयाचा थकवा' असं म्हणतात.

थकलेलं माणूस काय करतं? पहिल्या दोन खोल्या नीट बघतं आणि पुढच्या चार नुसत्या चालत संपवतं. मधे बसायला जागा, प्यायला पाणी आणि काही गरम मिळालं, तर ते पुन्हा आत जातं. संग्रहालयात चहा-कॉफी असायचं पहिलं कारण हे आहे. दोन पैसे मिळतात ते त्याच्यानंतर.

पहिलं दुकान कुठे झालं?

ही कल्पना आजकालची असेल असं आम्हाला वाटलं होतं. ती निघाली दीडशे वर्षांहून जुनी.

लंडन शहरात 1857 साली साउथ केन्सिंग्टन म्युझियम नावाचं संग्रहालय उघडलं. आज त्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात. त्याचे पहिले प्रमुख होते हेन्री कोल. दिवसभर राबणाऱ्या माणसालाही चांगल्या वस्तू बघायला मिळाव्यात, असं त्यांना वाटायचं. म्हणून त्यांनी गॅसचे दिवे लावून संग्रहालय संध्याकाळी उघडं ठेवलं. कामावरून सुटून येणारं माणूस भुकेलेलं असतं, म्हणून तिथे खाण्यापिण्याची सोयही केली. अशी सोय असलेलं हे जगातलं पहिलं संग्रहालय मानलं जातं.

पुढे 1860 च्या दशकात तिथे उपाहारगृहासाठी कायमच्या तीन खोल्या बांधल्या गेल्या. त्यातल्या मोठ्या दालनाच्या भिंती आणि खांब चिनी मातीच्या फरशांनी मढवले आहेत. दिसायला देखणं आणि पुसायला सोपं, असा दुहेरी विचार त्यात होता. शेजारच्या खोलीतल्या निळ्या-पांढऱ्या फरशा कुणी रंगवल्या, माहीत आहे? तिथल्याच कलाशाळेतल्या मुलींनी. बायकांना असं मोठं, लोकांच्या नजरेसमोरचं काम मिळणं त्या काळी दुर्मीळ होतं. त्या फरशा आजही भिंतीवर आहेत आणि लोक तिथे बसून चहा पितात. हे सांगितल्यावर आमच्या बैठकीत गप्प बसलेल्या बायका पहिल्यांदा बोलायला लागल्या.

पण त्याच ठिकाणची दुसरी गोष्टही ऐका. तिथे पदार्थांच्या याद्या वेगवेगळ्या होत्या, पहिल्या वर्गाची वेगळी आणि दुसऱ्या वर्गाची वेगळी. म्हणजे बघायला सगळे एकत्र, आणि खायला बसले की खिशाप्रमाणे वाटणी. ही गोष्ट आम्ही वहीत लिहून ठेवली, पुढे ती कामी आली.

आपल्या मुंबईतही उदाहरण आहे. भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 साली ते लोकांसाठी उघडलं. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय. त्याचंही नाव तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हेच होतं. 1975 साली त्याला डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं. इमारत मोडकळीला आली होती, ती दुरुस्त करून 2008 साली पुन्हा खुली केली. तिथे कॅफे आणि वस्तूंचं दुकान केलं ते मागच्या अंगणात. जुन्या देखण्या दालनात टेबल-खुर्च्या घातल्या नाहीत. असं का केलं असेल, ते आता बघू.

खाण्यापिण्यानं वस्तूंचं काय होतं?

आमच्या संग्रहालयाचे अभिरक्षक, म्हणजे वस्तू सांभाळणारे अधिकारी, यांना आम्ही भेटायला गेलो. त्यांनी जागा दाखवली. मुख्य दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला रिकामा कोपरा होता. "इथे काउंटर बसेल, ताई. येणाऱ्या-जाणाऱ्याला लगेच दिसेल."

कोपरा छान होता. पण त्याला लागूनच जुन्या लुगड्यांची आणि पोथ्यांची खोली होती. आमच्यातली एक ताई शिवणकाम करते. ती पटकन बोलली, "सर, कपड्याच्या कपाटात मी बिस्किटाचा पुडा ठेवत नाही. इथे तर दूधसाखर येणार."

अभिरक्षक हसले, पण त्यांना ते पटलं. मग त्यांनीच आम्हाला सगळं समजावून सांगितलं. आपल्या घरच्या अनुभवाशी ताडून बघा.

पहिलं, किडे. सांडलेली साखर, पावाचा चुरा, दुधाचा थेंब याला झुरळं आणि मुंग्या येतात, उंदीर येतात. ते नुसतं खाणं खाऊन थांबत नाहीत. झुरळ कागद कुरतडतं. कसर पुस्तकं खाते. उंदीर कापड फाडून बीळ करतो.

दुसरं, वाफ. दिवसभर दूध उकळलं की हवा ओलसर होते. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर, चामड्यावर, लाकडावर बुरशी धरते. आपल्या पावसाळ्यात ती आधीच वाढलेली असते. त्यात आपली वाफ कशाला घालायची?

तिसरं, तेलकट धूर. तळण काढलेल्या घरातली ट्यूबलाइट बघा, चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. तसंच चित्रावर आणि कापडावर बसतं. ट्यूब पुसता येते. दोनशे वर्षांचं लुगडं ओल्या फडक्यानं पुसता येत नाही.

चौथं, आग. संग्रहालयात लाकूड, कागद आणि कापड असतं. गॅसची टाकी त्याच छताखाली नको.

या चार कारणांमुळे जाणती संग्रहालयं स्वयंपाक मुख्य इमारतीच्या बाहेर किंवा पूर्ण वेगळ्या भागात ठेवतात. दालनात पाण्याच्या बाटलीशिवाय काही नेऊ देत नाहीत, काही ठिकाणी तर तीही नाही. रोजचा ओला कचरा त्याच दिवशी आवाराबाहेर काढतात, रात्रभर ठेवत नाहीत.

आम्ही मग मागच्या अंगणातली पत्र्याची शेड मागितली. तिथे पूर्वी सायकली लावायचे. दारातून ती दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी येईल हे आम्हाला कळत होतं. तरी आम्ही शेडच मागितली. त्या खोलीत आमच्याच आज्या-पणज्यांनी नेसलेली लुगडी आहेत. उद्या आमच्या कॉफीमुळे त्यांना कसर लागली, तर तो तोटा कुठल्या वहीत लिहायचा?

अजून एक नियम सांगून ठेवतो. तुमचं संग्रहालय केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाजवळ असेल, म्हणजे किल्ला, लेणी किंवा जुनं देऊळ यांच्याजवळ, तर स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. त्याच्या पुढच्या 200 मीटरमध्ये आधी परवानगी लागते. शेड बांधायला पैसे घालण्याआधी हे विचारा.

कॉफीच का? आणि कसली कॉफी?

आपल्याकडे पाहुण्याला चहा देतात. कॉफी म्हणजे आजारी माणसाला नाहीतर उपासाला. पण संग्रहालयात येणारी कॉलेजची मुलं आणि बाहेरगावचे पाहुणे कॉफी मागतात, हे खरं आहे.

शहरातल्या दुकानासारखं मोठं यंत्र घ्यायचं तर खर्च लाखांच्या घरात जातो. ते बिघडलं की दुरुस्तीला माणूस शहरातून यावा लागतो. आम्ही ते पहिल्या दिवशीच बाजूला ठेवलं. दक्षिणेकडची गाळणीची कॉफी सोपी आहे. स्टीलचं दोन मजली भांडं असतं. वरच्या भांड्यात पूड घालून उकळतं पाणी ओतायचं, खाली घट्ट अर्क उतरतो. गरम दुधात तो अर्क आणि साखर घातली की झालं. चूल, दूध आणि अंदाज या तीन गोष्टी आपल्याला येतातच.

पूड घेताना पुडीवर वाचा. बऱ्याच पुड्यांत चिकोरी नावाच्या मुळाची पूड मिसळलेली असते. त्यानं रंग आणि घट्टपणा येतो. ती फसवणूक नाही, पण किती टक्के आहे ते पुडीवर लिहिलेलं असतं. कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याहून जास्त कॉफीच असली पाहिजे, असा नियम आहे.

आणि कॉफी अगदी परकी आहे असंही समजू नका. देशातली सगळ्यात जास्त कॉफी आपल्या शेजारच्या कर्नाटकात पिकते. आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडं आहेत.

कॉफी आणि कामकऱ्यांची मालकी यांचंही जुनं नातं आहे. देशभर 'इंडियन कॉफी हाउस' नावाची दुकानं आहेत. ती आधी कॉफी बोर्ड चालवायचं. बोर्डानं दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा तिथले वाढपी आणि आचारी एकत्र आले आणि 1957 पासून सहकारी संस्था काढून त्यांनीच ती चालवली. केरळात 1998 साली सुरू झालेल्या कुटुंबश्री अभियानातल्या बायका कॅफे आणि खानावळी चालवतात. बिहारमध्ये जीविकाच्या गटातल्या बायका सरकारी दवाखान्यांत 'दीदी की रसोई' चालवतात. म्हणजे बायकांच्या गटाला हे जमतं का, हा प्रश्न उरलेला नाही. जमण्यासाठी हिशेब कसा लागतो, एवढाच प्रश्न आहे.

आता हिशेब

हा आमच्या गावच्या दरानं धरलेला अंदाज आहे. तुमचे दर घालून तुम्ही पुन्हा मांडा.

एक कप कॉफी. दूध 100 मिलिलिटर, 60 रुपये लिटरनं 6 रुपये. पूड 8 ग्रॅम, 750 रुपये किलोनं 6 रुपये. साखर 50 पैसे. गॅस-पाणी दीड रुपया. सांडलवंड आणि धुण्याची पावडर 1 रुपया. झाले 15 रुपये. 25 रुपयांना विकली तर 10 रुपये उरतात.

आता महिन्याचा ठरलेला खर्च, जो गिऱ्हाईक आलं नाही तरी करावाच लागतो. संग्रहालयानं मागितलेलं भाडं 6,000. तिघींचं मानधन, रोज 300 रुपये, 26 दिवस, म्हणजे 23,400. वीज आणि किरकोळ दुरुस्ती 1,600. एकूण 31,000.

एका कपामागे 10 रुपये सुटत असतील, तर 31,000 भरून निघायला महिन्याला 3,100 कप लागतात. म्हणजे रोज जवळजवळ 120 कप. आम्ही तिकिटांची वही बघितली. साध्या दिवशी शंभरभर माणसं येतात. शंभर जणांनी प्रत्येकी एक कप घेतला तरी भागत नाही. आणि सगळे थोडेच घेणार आहेत?

इथे आमच्या जुन्या अनुभवाचं उत्तर मिळालं. नुसत्या कॉफीवर दुकान चालत नाही. कॉफीबरोबर खायला हवं. आम्ही थालीपीठ धरलं. एका थाळीला लोण्यासकट खर्च 25, विक्री 45, उरतात 20. रोज 40 थालीपिठं आणि 40 कप कॉफी गेली, तर 800 आणि 400 मिळून 1,200 रुपये सुटतात. 26 दिवसांचे 31,200. खर्च 31,000. म्हणजे मानधन निघतं, भाडं निघतं आणि वर फक्त 200 रुपये राहतात. फायदा नाही, पण बुडत नाही.

आता पावसाळा धरा. गिऱ्हाईक निम्मं होतं. 20 थालीपिठं, 20 कप. महिन्याला सुटतात 15,600. भाडं मात्र 6,000 च. तूट 15,400. मागच्या वेळी आम्ही असेच बुडालो. चांगल्या महिन्याचा हिशेब बघून सही केली आणि वाईट महिना मांडलाच नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी मागितल्या. एक, भाडं ठरलेलं नको, विक्रीच्या 8 टक्के घ्या. चांगल्या महिन्यात विक्री 72,800 होते, त्याचे 8 टक्के 5,824. म्हणजे संग्रहालयाचंही फारसं नुकसान नाही. पावसाळ्यात विक्री 36,400, भाडं 2,912. दोन, पावसाळ्यात आम्ही तिघींऐवजी दोघीच बसू. तसं केलं की पावसाळ्यातली महिन्याची तूट 15,400 वरून 4,512 वर येते.

ती तरी कुठून भरायची? मे महिन्यातून. सुट्टीत रोज 70 थालीपिठं आणि 70 कप गेले, मदतीला चौथी बाई घेतली, सगळा खर्च आणि 8 टक्के भाडं दिलं, तरी 11,600 च्या आसपास उरतात. हे पैसे वाटून घ्यायचे नाहीत. वेगळ्या खात्यात ठेवायचे, पावसाळ्यासाठी. आपण धान्य साठवतो तसंच. दोन महिन्यांची तूट त्यातून भरते. बाकीच्यासाठी दिवाळीची सुट्टी आणि शाळांच्या सहली हाताशी धरायच्या.

कागदपत्रं

अन्नाचा कोणताही व्यवसाय करायचा तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी किंवा परवाना लागतो. उलाढालीप्रमाणे कुठला ते ठरतं. छोट्या व्यवसायाला नोंदणी पुरते आणि तिची फी थोडी असते. तुम्हाला 14 आकडी क्रमांक मिळतो. तो दुकानात लावायचा आणि बिलावर छापायचा. हाताळणाऱ्या बायकांची वैद्यकीय तपासणी करून दाखला ठेवायचा. पाणी तपासून घ्यायचं. दूध 5 अंशांच्या खाली ठेवायचं, म्हणजे फ्रीज हवाच. परवाना संग्रहालयाच्या नावावर चालत नाही, दुकान चालवणाऱ्या गटाच्या नावावर हवा.

करारनामा मराठीत मागा आणि बैठकीत मोठ्यानं वाचा. आमच्याकडे सचिवताईंनी वाचला आणि प्रत्येक कलमावर थांबून विचारलं, "कळलं का?" वीज-पाण्याचं बिल कोण भरणार? शेड गळली तर दुरुस्ती कुणाची? दुरुस्तीसाठी संग्रहालय दोन महिने बंद राहिलं तर भाडं माफ का? मुदतीआधी दुकान काढायला सांगितलं तर किती दिवस आधी कळवणार? आणि अधिकाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या चहाचं काय? मागच्या वेळचा चटका होता, म्हणून आम्ही स्पष्ट लिहून घेतलं : उधारी नाही, कुणालाही नाही. संग्रहालयाच्या बैठकीचा चहा संग्रहालयाच्या खात्यातून, महिन्याच्या महिन्याला. हे आधी लिहून ठेवलं की नंतर कुणाच्या तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.

खुर्चीवर कोण बसणार?

शेवटचा प्रश्न पुन्हा शेवंताकाकूंचा. "25 रुपयांची कॉफी पिणाऱ्यांसाठी आपण दुकान काढतोय. मी माझ्या नातवाला घेऊन आले तर बसू का तिथे?"

तेव्हा लंडनच्या त्या दोन याद्या आठवल्या. आमचं दुकान तसं होऊ नये. म्हणून तीन गोष्टी ठरवल्या. चहा 10 रुपयांना ठेवायचा, त्यात फारसं सुटलं नाही तरी चालेल. पिण्याचं पाणी फुकट. आणि घरची भाकरी सोडून खायला दोन बाक राखून ठेवायचे, तिथे काही विकत घ्यायची सक्ती नाही. बाहेरगावच्या शाळेची पोरं डबा घेऊन येतात, त्यांना उन्हात पायरीवर बसवायचं नाही.

उलटीही काळजी घ्यायला हवी. 1980 च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या त्याच संग्रहालयानं एक जाहिरात केली. तिचा सूर असा, की आमचा कॅफे फक्कड आहे आणि त्याला जोडून एक बरंसं संग्रहालयही आहे. गंमत म्हणून ठीक, पण पुष्कळांना ते रुचलं नाही. खाऊन माणूस परत फिरलं आणि आत गेलंच नाही, तर दुकान चाललं तरी संग्रहालय हरलं. म्हणून आम्ही शेडमध्ये पाटी लावायचं ठरवलंय : "भाजणीचं पीठ ज्या जात्यावर दळायचे, ते आत चौथ्या खोलीत आहे." पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तूंचा मोठा साठा आहे. बायकांच्या हातातल्या वस्तू जपण्यासारख्या आहेत, हे तिथे गेल्यावर कळतं. आमच्या तालुक्यातल्या बायकांनाही ते कळावं, एवढीच इच्छा आहे.

मग आम्ही काय केलं?

पंधराव्या दिवशी उत्तर दिलं : हो, पण आमच्या अटींवर. शेड मिळाली. विक्रीवर 8 टक्के भाडं पहिल्या सहा महिन्यांपुरतं मान्य झालं, पुढचं नंतर बघू म्हणाले. शेडची गळती त्यांनी दुरुस्त करायची होती, ते कलम त्यांनी मानलं नाही. निम्मा खर्च आम्ही उचलला. म्हणजे सगळं मनासारखं झालं असं नाही. पण या वेळी काय मानतोय आणि काय सोडतोय, हे सगळ्या जणींना माहीत होतं. मागच्या वेळी हप्ते भरणाऱ्या तिघींपैकी दोघी या दुकानात आहेत. तिसरीनं नाही म्हटलं आणि आम्ही तिला आग्रह केला नाही.

दुकान चार दिवसांत उघडेल. चालेल की नाही ते पावसाळ्यानंतर सांगू, कारण खरी परीक्षा तेव्हाच आहे.

तुमच्या गावात किल्ला असेल, लेणी असतील, छोटं संग्रहालय असेल, आणि असं बोलावणं आलं, तर एवढे पाच प्रश्न वहीत लिहा. स्वयंपाकाची जागा वस्तूंपासून लांब आहे का? वाईट महिन्यात किती तूट येईल? ती कुठून भरणार? उधारीचं काय लिहून घेतलंय? आणि आपली शेवंताकाकू तिथे बसू शकेल का? पाचांची उत्तरं मिळाली की मगच सही करा. मिळाली नाहीत तर आणखी पंधरा दिवस मागून घ्या. मागायला पैसे पडत नाहीत.

तुमच्या गटानं असं काही चालवलं असेल, तर आपल्या केंद्रावर निरोप पाठवा. तुमचा हिशेब आम्हालाही ऐकायचा आहे. नमस्कार.